खिशातलं वायसर

हे वायसर कुणाचं? खाली काय बघतोस, माझ्याकडे बघ. ट्रेमध्ये उरलं म्हणून गुपचूप खिशात टाकलंस ना? स्प्लेंडर 1994 साली बाजारात आली. तेव्हापासून तिच्या मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यात उगाच घातलेलं वायसर मी तरी पाहिलेलं नाही. कंपनी पै-पैचा हिशेब करते, फुकटचं लोखंड लावत नाही.

आणि वर छातीठोकपणे म्हणतोस, "सर, फिट आहे!" कसलं फिट? नुसतं आवळलंयस. चिमट्याचा बोल्ट आत जाईना तेव्हा काय केलंस? हातोडी घातलीस. बोल्ट अडला म्हणजे भोकं समोरासमोर आलेली नाहीत, एवढं कळू नये? चिमटा बोटभर उचलला असतास तर तो अंगठ्याने सरकला असता. पण त्यासाठी वाकायला हवं, आणि तुझा एक डोळा मोबाइलवर.

मोबाइलवर तरी काय? बर्फावर पळणारी गाडी आणि तिचं मागचं सस्पेन्शन पुन्हा बसवणारा माणूस! बघ की, मी नाही म्हणत नाही. क्वेबेकच्या बोंबार्डियेने 1959 मध्ये 'स्की-डू' काढली, त्या जातीची गाडी. तिला मागे चाक नाही, मागचं सगळं सस्पेन्शन रबरी पट्ट्याच्या पोटात बसतं आणि बहुतेक चार बोल्टांवर धरलेलं असतं. तो माणूस चारही बोल्ट आधी हाताने धरवतो आणि मगच पाना लावतो. पहिलाच कचकचून आवळला तर चौथ्याचं भोक हुकतं. एवढं सगळं पाहिलंस, आणि नेमकं तेच डोक्यात शिरलं नाही.

आता बुश. वर्गात सांगितलं होतं, तेव्हा खिडकीतून लोकल मोजत होतास. या चिमट्याच्या बुशमध्ये दोन लोखंडी नळ्यांच्या मधे रबर चिकटवलेलं असतं. चिमटा वर-खाली होतो तो त्या रबराच्या पिळावर. म्हणून हा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकावर उभी करून, वजन आल्यावर. तू आवळलास मेन स्टँडवर, चाक लोंबकळत असताना. गाडी खाली आली की रबर उभ्या-उभ्याच पिळलेलं राहणार आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळणार. बुश फाटला की वळणावर मागचं चाक शेपटीसारखं डुलतं.

बोल्टाला ग्रीस लावलंस? कोरडा ठणठणीत! खाडीची हवा, त्यात चार महिने चिखल. काल हाच बोल्ट बुशला गंजून धरला होता, तेव्हा आधीच्या मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडत होतास. पुढचा पोरगा तुझ्या नावाने मोडेल.

शॉकअपला पाच पायऱ्या असतात. डावा तिसरीवर, उजवा पहिलीवर. का? चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या नाहीत, म्हणजे चाकही तिरकं. आणि ब्रेकच्या पट्टीला जुनीच स्प्लिट पिन सरळ करून घातलीस! दोन रुपयांची पिन वाचवलीस की काय? ती पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच ड्रमची प्लेट चाकाबरोबर फिरते आणि रॉडची वाट लावते. बाकीचं एक वेळ सोडलं असतं, हे सोडणार नाही.

गाडी कुणाची आहे, ठाऊक आहे? तो रोज पहाटे बायकोला मागे बसवून दिवा स्टेशनला सोडतो आणि तसाच दिवा-शीळ रस्त्याने कामावर जातो. त्या रस्त्याचे खड्डे मी सांगायला नकोत, तू तिथूनच येतोस. शीळफाट्यावर पुढे-मागे न्हावाशेव्याचे कंटेनर. तू ट्रायल कुठे घेतलीस? वर्कशॉपच्या फरशीवर!

चल, सगळं पुन्हा उघड. ठोकलेल्या बोल्टाचे आटे गेले असतील तर तो भंगारात, नवीन आण. पिन नवी. टॉर्क पाना कपाटात पडलाय, तो बाहेर काढ. शेवटचा बोल्ट माझ्यासमोर आवळायचा. आणि त्याआधी गिऱ्हाइकाला फोन लाव, गाडी आज मिळणार नाही म्हणून सांग. सामान आलं नाही वगैरे थापा नकोत. का म्हणून विचारलं तर जे झालं ते सांग, मी इथेच उभा आहे.