अडवणाऱ्याचे गुण कोण मोजणार?

७ जून २०१५. ओकलंडमध्ये एनबीएच्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना. क्लीव्हलंड कॅव्हलिअर्सने गोल्डन स्टेट वॉरियर्सला जादा वेळेत ९५-९३ असे हरवले. गुणपत्रकात क्लीव्हलंडचा पॉइंट गार्ड मॅथ्यू डेलाव्हेडोव्हा याच्या नावापुढे ९ गुण आहेत; दहा शॉटपैकी आत गेले तीनच. एवढेच वाचणारा विचारील, हा गडी संघात घेतला कुणी? पण मग प्रतिस्पर्ध्याच्या रकान्यातही डोकावावे. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू स्टीफन करी याचे २३ पैकी ५ शॉट आत गेले. त्यातल्या तीन गुणांच्या १५ शॉटपैकी फक्त २. या दोन ओळींचा एकमेकींशी काय संबंध, हे गुणपत्रक सांगत नाही. माझे भांडण आहे ते इथेच.

डेलाव्हेडोव्हा ऑस्ट्रेलियातल्या मेरीबरो या छोट्या गावचा. २०१३च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणत्याच संघाने निवडले नव्हते. मालिकेच्या पहिल्या सामन्यात संघाचा मुख्य गार्ड कायरी आयर्विंग याच्या गुडघ्याची वाटी फुटली, म्हणून दुसऱ्यात डेलाव्हेडोव्हाला सुरुवातीपासून उतरवले. ना विलक्षण वेग, ना उडी. पण करीकडे चेंडू येण्याआधीच तो त्याला चिकटलेला असे. करीसाठी सहकारी स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवून, उभा राहिला की पुष्कळ गार्ड खालून वळसा घेतात, कारण त्यात श्रम कमी. करीला तेवढी फट पुरते. तो तिथूनच शॉट मारतो. त्यामुळे प्रत्येक वेळी स्क्रीनला खांदा घासत वरून जायचे आणि पुन्हा समोर उभे राहायचे, हे काम रात्रभर चालले. शेवटच्या काही सेकंदांत संघ एका गुणाने मागे होता. सहकाऱ्याचा हुकलेला शॉट त्यानेच मिळवला, फाउल घेतला, दोन्ही फ्री थ्रो टाकले. आणि लगेच पलीकडच्या टोकाला करीसमोर हात उंचावून उभा राहिला. करीचा तो शॉट रिंगलाही लागला नाही.

म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवा, असे मी म्हणत नाही. मोजमाप करायचे तर प्रामाणिक हवे. करीचे काही मोकळे शॉटही त्या दिवशी चुकले होते. पाठीमागे मोझगॉव्हसारखा उंच सहकारी बास्केट राखत होता, त्यामुळे डेलाव्हेडोव्हाला इतके अंगावर जाणे परवडत होते. आणि पाचव्या सामन्यात त्याच करीने ३७ गुण केले. मालिका वॉरियर्सने ४-२ अशी जिंकली. एका रात्रीचे श्रेय त्या रात्रीपुरते. ते कमी करू नये, तसे फुगवूही नये.

आपल्याकडे मात्र हे श्रेय मोजण्याची सोयच नाही. गार्डच्या बचावाचा ठळक दिसणारा रकाना म्हणजे स्टीलचा, आणि तो फसवा आहे. चेंडूवर झडप घालायची, चार वेळा चुकायचे आणि एकदा हाती लागायचा. त्या चार वेळा संघ चौघांनिशी पाच जणांशी लढतो, पण पत्रकात एक स्टील झळकते. जागा न सोडणारा, ओरडून सहकाऱ्यांना सावध करणारा, चेंडू गेला की सर्वांआधी मागे धावणारा पोरगा पत्रकात कोराच राहतो. अमेरिकेतही फार वेगळे नाही म्हणा. सर्वोत्तम बचावपटूचा मान गॅरी पेटनला १९९६ मध्ये मिळाला. त्यानंतर एखाद्या गार्डला तो मिळायला २०२२ उजाडले. तेव्हाचा मानकरी मार्कस स्मार्ट.

खंत ही, की ज्या मातीत खो-खो आणि कबड्डी रुजली, तिथे हे सांगावे लागते. खो-खोच्या बातमीत कोण किती मिनिटे पळाला, हे आपण आवर्जून छापतो. उत्कृष्ट संरक्षकाचा चषक वेगळा असतो. कबड्डीत उत्कृष्ट पकडीचा असतो. न सापडणे आणि अडवणे हाही पराक्रम आहे, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. तेच आपण बास्केटबॉलच्या कोर्टवर पाय ठेवताच सर्वाधिक गुण करणाऱ्याच्या हाती चषक देऊन मोकळे होतो. वर मुलांना संघभावनेवर भाषण! मुले भाषण ऐकत नाहीत, चषक कुणाला मिळाला ते बघतात. मग प्रत्येकाला शॉटच मारायचा असतो, आणि पराभवानंतर प्रशिक्षक विचारतो, बचाव कुणी करायचा?

बचाव मोजायला गेलो तर पक्षपात होईल, अशी शंका काढतात. न मोजल्याने पक्षपात जात नाही, तो फक्त लपतो. आणि मोजणे अवघडही नाही. कागद, पेन्सिल आणि बाकावरचा एक राखीव खेळाडू पुरे. समोरच्या गार्डला हव्या त्या जागी घुसता आले का? त्याचा पास उशिरा गेला का? शॉटच्या वेळी समोर हात होता का? स्क्रीनवरून आपला गडी गेला की खालून? चेंडू गमावल्यावर तो मागे धावला का? प्रत्येक चढाईला एक खूण करायची. सामना संपल्यावर तो कागद मुलांसमोर मोठ्याने वाचायचा. पहिल्यांदा चुका होतील, होऊ द्या.

जिल्ह्या-तालुक्याच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनो, क्रीडाशिक्षकांनो, या हंगामात बास्केटबॉलला एक चषक वाढवा आणि त्यावर ‘उत्कृष्ट बचावपटू’ असे कोरा. तो देताना गुणपत्रक बाजूला ठेवा, खुणांचा कागद हातात घ्या.