काच किती दिवस?

उज्जैनच्या भैरवगढात क्षिप्रेच्या काठी सिद्धवट नावाचा वड आहे. हिंदू बांधव त्याला पवित्र मानतात. माळव्याचे कडक ऊन आणि पाऊस सोसून वड वाढतो. त्याला काचेचे छप्पर लागत नाही.

पण सर्वच झाडांना हे साधत नाही. लंडनजवळच्या क्यू बागेत १८४८ साली लोखंड आणि काच यांचे मोठे ताडगृह बांधून पुरे झाले. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आत उष्ण देशांतले ताडमाड हिरवेगार असतात. १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आणलेले, ताडासारखे दिसणारे एक सायकड तेथे कुंडीत अजून जिवंत आहे. निवारा नसता तर ते केव्हाच मेले असते. म्हणून जपणुकीला आपण नावे ठेवू नयेत. मात्र तेथे एखादा ताड वाढत वाढत छपराला टेकला, की त्याला तोडावे लागते.

बंगळूरच्या लालबागेतील काचघराची पायाभरणी १८८९ साली झाली. तेथे थंडीचे तसे भय नाही. ते घर प्रसिद्ध आहे फुलांच्या प्रदर्शनांसाठी.

काचेचा तिसरा उपयोग लंडनच्या डॉ. वॉर्ड यांनी दाखवला. त्यांच्या बंद काचपेट्यांतून १८५१ साली चहाची हजारो रोपे चीनहून कलकत्त्यास आली. समुद्राचा खारा वारा त्यांना लागला नाही. परंतु मुक्कामी पोहोचल्यावर पेट्या उघडल्या, आणि रोपे हिमालयाच्या उतारावरील मळ्यांकडे गेली.

आता आपल्या मुलांकडे पाहू. कोवळ्या वयात त्यांच्याभोवती काच हवीच. पण शब्बाथशाळेत एखादा मुलगा अवघड प्रश्न विचारतो आणि आम्ही म्हणतो, "असे विचारू नये." तेव्हा आम्ही जपतो कोणाला? त्या मुलाला, की उत्तर न सुचलेल्या स्वतःला? वार्षिक समारंभात घडाघडा पाठांतर म्हणणारी मुले पाहून आम्हांला धन्यता वाटते. तीच मुले पुढे वसतिगृहात एकटी राहतात, आणि पहिल्याच वाऱ्याने कोलमडली तर आम्ही वाऱ्याला दोष देतो.

काच घालणे हे प्रेमाचेच काम आहे. पण ती मुलाच्या प्रवासासाठी आहे, की आपल्या कौतुकासाठी, हे ज्याचे त्याने तपासावे. काच बसवतानाच ती उघडण्याचा दिवसही मनाशी ठरवावा. तो दिवस आला की हात कापतील, आमचेही कापतात. तरी पेटी उघडावी.