निगा राखण्याचं पुण्य

पुन्हा भरता येणाऱ्या ई-सिगारेटची रचना तशी साधी असते. काचेची किंवा प्लॅस्टिकची इवलीशी टाकी, तिच्या मधोमध बारीक तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, त्या वेटोळ्याला बिलगून बसवलेला कापूस आणि खाली बॅटरी. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटिन आणि स्वादद्रव्यं घालून केलेला द्रव कापसात मुरतो, तार तापते आणि तयार झालेली वाफ ओढली जाते. मात्र ही साधी रचना निष्काळजी माणसाला दाद देत नाही. नवी कॉइल बसवली की कापूस आतपर्यंत भिजेस्तोवर थांबावं लागतं. घाई केली तर कापूस करपतो आणि घशाला जळका चटका बसतो. व्हेपिंग करणारे त्याला ‘ड्राय हिट’ म्हणतात. कॉइलवर छापलेली वॅटची मर्यादा ओलांडली तरी तेच होतं. द्रवात गोडीसाठी सुक्रालोज घातलेलं असेल तर तारेवर काळा थर लवकर धरतो, म्हणजे चव जितकी गोड तितकं कॉइलचं आयुष्य कमी. रबरी ओ-रिंग झिजली की टाकी गळू लागते. थोडक्यात, हे यंत्र रोज थोडं लक्ष, थोडा धीर आणि थोडी शिस्त मागतं. या तिन्ही गोष्टींची सगळ्याच धर्मांनी गुण म्हणून स्तुती केली आहे. मग त्या एका व्यसनाच्या साधनावर खर्च झाल्या, तरी गुणच राहतात का?

प्रश्न दिसतो तितका हलका नाही. ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपांचा इतका सुकाळ झाला होता, की २०२३च्या अंदाजानुसार आठवड्याला सुमारे पन्नास लाख व्हेप कचऱ्यात जात होते, आतल्या लिथियम बॅटरीसकट. १ जून २०२५पासून तिथे अशा व्हेपांच्या विक्रीवर बंदी आली. आता विकायचं साधन पुन्हा चार्ज करता आलं पाहिजे, पुन्हा भरता आलं पाहिजे आणि त्याची कॉइल बदलता आली पाहिजे. निगा राखण्याजोगं असणं ही तिथे कायद्याचीच अट झाली आहे. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात अशा सगळ्यावरच बंदी घातली, त्यामुळे आपल्याकडे कॉइलच्या निगेची चर्चा उघडपणे होत नाही. पण ब्रिटिश कायद्यामागची नैतिक धारणा आपल्यालाही ओळखीची आहे: वापरून फेकणारा उडाणटप्पू, जपून वापरणारा शहाणा. कचऱ्याच्या बाबतीत ती खरीही आहे. कचऱ्याच्या गाडीत चेपलेली बॅटरी पेटते, तेव्हा भाजण्याची वेळ सफाई कामगारावर येते. पण त्या मापाने जपून वापरणाऱ्याला शहाणं म्हणायचं, तर ते शेजाऱ्याशी वागण्याबद्दल झालं. त्याच्या काळजीपूर्वक वागण्यातच काही पुण्य आहे का, हा त्याहून वेगळा प्रश्न. माझं उत्तर असं, की निगा ही नुसती क्षमता आहे. ती गुण ठरते की नाही हे ज्याची निगा राखायची त्याच्याशी आपलं नातं काय यावर अवलंबून असतं, आणि त्या नात्याची परीक्षा एकाच ठिकाणी होते: ते साधन खाली ठेवता येतं का?

हा भेद सर्वांत काटेकोरपणे कुणी केला असेल तर थेरवादी बौद्धांच्या अभिधम्माने, म्हणजे चित्ताच्या त्यांच्या विश्लेषणशास्त्राने. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ज्या ग्रंथावर ‘नवनीतटीका’ लिहिली, त्या अनुरुद्धाचार्यांच्या ‘अभिधम्मत्थसंगहा’त चित्ताबरोबर उठणाऱ्या बावन्न चेतसिकांची वर्गवारी आहे. त्यांतली सात प्रत्येक चित्तात असतात, मग ते चित्त साधूचं असो की घरफोड्याचं. एकाग्रता या सातांत येते, विषयाकडे मन वळवणारा मनसिकारही येतो. स्मृती, म्हणजे सजगता, मात्र त्या सातांत नाही. तिची जागा शोभन चेतसिकांत आहे, श्रद्धा आणि अलोभ यांच्या पंक्तीला. म्हणजे कुलूप फोडणाऱ्याचं चित्त एकाग्र असू शकतं, त्याचा हात जराही थरथरणार नाही, तरी अभिधम्म त्याला स्मृतिमान म्हणणार नाही, कारण त्या क्षणी त्याच्या चित्तात लोभ आहे आणि अलोभ नाही. हे बारकाईने केलेलं वर्गीकरण आजच्या बाजारू ‘माइंडफुलनेस’ला फारसं सोयीचं नाही. तिथे कोणतंही काम लक्षपूर्वक केलं की ते पवित्र होतं, असा गोड समज पसरलेला आहे. कांटने दुसऱ्या वाटेने हेच म्हटलं: खलपुरुषाच्या ठायी असलेला थंडपणा त्याला अधिक धोकादायक करतो आणि आपल्या नजरेत अधिक तिरस्करणीयही. व्हेपिंग करणारा माणूस काही घरफोड्या नव्हे, खलपुरुष तर नव्हेच. पण या उदाहरणांतून इतकं तरी निघतं, की कापूस भिजेपर्यंत पाच मिनिटं शांत बसता येणं हा स्वतःच संयमाचा पुरावा होत नाही. तल्लफेचीच मजुरी करणारा धीरही असतो.

यावर आपल्याकडून हमखास येणारा आक्षेप गीतेचा. दुसऱ्या अध्यायात योगाचा संबंध कर्मातल्या कौशल्याशी जोडला आहे, मग काम कुठलंही असो, ते निगुतीने करणं हाच योग नव्हे का? आपल्या कितीतरी संस्थांची बोधवाक्यं याच समजावर उभी आहेत. शंकराचार्यांच्या भाष्यात मात्र या कौशल्याचा अर्थ हस्तकौशल्य असा नाही. सिद्धी आणि असिद्धी या दोन्हींत समबुद्धी ठेवल्यामुळे, स्वभावतःच बांधणारी कर्मं बांधेनाशी होतात, यात ते कौशल्य पाहतात. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्म करण्याच्या युक्तीवर अधिक भर दिला, संन्यासाकडे झुकणारा अर्थ नाकारला, पण ती युक्तीही कर्माच्या बंधनातून सुटण्याचीच. दोन टोकांचे हे भाष्यकार एका मुद्द्यावर एकत्र येतात: गाठ ढिली करतं ते कौशल्य. कॉइल इतकी सफाईने बसवली की तल्लफेला कधी अडथळाच येत नाही, तर ती सफाई गाठ अधिक घट्ट करते.

दुसरा आक्षेप मला अधिक जवळचा वाटतो. अवजाराची निगा राखणं हे आपल्या लोकधर्माचं अंग आहे. दसऱ्याला हत्यारं-अवजारं पुजली जातात, पोळ्याला बैल सजवला जातो. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्याशी कृतज्ञतेने वागावं, ही यामागची धारणा भाबडी नाही. पण पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नाहीत, हा त्या सणाचा कणा आहे. ज्याचे उपकार मानायचे त्याला त्या दिवशी तरी कामातून मोकळं करायचं. झूल आणि गोंडे नंतर. ज्याला वर्षातला एक दिवसही बैलावाचून काढवत नाही त्याने कितीही बेगड चिकटवलं तरी त्याला पोळा साधला असं कुणी म्हणणार नाही. टाकीला ही कसोटी लावून पाहावी. तिची निगा नेमकी उलट कारणासाठी राखली जाते, एक दिवसही खंड पडू नये म्हणून. म्हणूनच खिशात जादा कॉइल असते, द्रवाची दुसरी बाटली असते.

इथवरचा युक्तिवाद हेतूबद्दल झाला. कुणी म्हणेल, हेतूचं राहू द्या, निगा राखल्याने शरीराला होणारा अपाय तर कमी होतो, तेवढं पुण्य पुरे. याचा पुरावा मात्र सरळ रेषेत जात नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की ५ व्होल्टवर तापवलेल्या टाकीच्या वाफेत फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडतात, ३.३ व्होल्टवर सापडत नाहीत. ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी यावर हरकत घेतली: इतकी तापलेली कॉइल कोरडा चटका देते, तो चटका बसला की माणूस आपसूक थांबतो किंवा वॅट कमी करतो, त्यामुळे प्रयोगशाळेतला तो धूर प्रत्यक्षात कुणी ओढत नाही. हरकत वाजवी आहे, आणि निगेच्या बाजूची आहे. जीभ आणि घसा हेच पहारेकरी ठरतात. पण २०१८ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ५६ जणांची त्यांच्या रोजच्या वापरातली साधनं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य होते. तोच द्रव कॉइलवरून गेल्यावर वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम यांचं प्रमाण बरंच वाढलेलं आढळलं. या धातूंना चव नाही, चटका नाही, तिथे पहारेकऱ्यांना काही कळत नाही. आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की जे लोक कॉइल अधिक वेळा बदलत होते त्यांच्या वाफेत धातू अधिक असण्याकडे कल दिसला. नवी तार धातू अधिक सोडत असावी, असं संशोधकांना वाटलं. एका अभ्यासावरून कॉइल बदलूच नये असं म्हणणं वेडेपणाचं होईल, करपलेली कॉइलही घातकच असते. पण दक्ष माणूस नेमानं जे करतो तेच त्याच्या अंगाशी येऊ शकतं, एवढं यातून दिसतं. जुनी कॉइल ठेवली तर एक अपाय, बदलली तर कदाचित दुसरा. कारागिरी वाढवून या कोंडीतून बाहेर पडता येत नाही.

याचा अर्थ फेकून द्यायचा व्हेप किंवा साधी सिगारेट बरी, असा कुणी काढला तर तो मला मान्य नाही. सिगारेटच्या धुरापेक्षा ही वाफ खूपच कमी घातक आहे, याबद्दल ब्रिटनच्या आरोग्यसेवेला शंका नाही आणि मलाही ती घेण्याचं कारण दिसत नाही. इथेच बुद्धाच्या तराफ्याचा दृष्टान्त उपयोगी पडतो. मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात एक माणूस गवत, काटक्या, फांद्या बांधून तराफा करतो आणि नदी पार करतो. पलीकडे पोचल्यावर उपकाराच्या भावनेने तो तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला, तर त्याने योग्य केलं का, असं बुद्ध भिक्षूंना विचारतो. या दृष्टान्तात तराफा बांधण्यात हयगय करा असं कुठेही सुचवलेलं नाही. दोर सैल असतील तर माणूस मधल्या धारेत बुडेल. निगेला तिथे पूर्ण मान आहे, फक्त तिला मुदत आहे.

आता या दृष्टान्ताशेजारी एक आकडा ठेवू. २०१९ साली इंग्लंडमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८६ जणांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला निकोटिनचे पॅच, च्युइंगम वगैरे दिले, दुसऱ्याला पुन्हा भरता येणारी ई-सिगारेट आणि मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिन असलेल्या द्रवाची एक बाटली. पुढचा द्रव त्यांनी स्वतः आणायचा होता, टाकी स्वतः भरायची होती. वर्षाअखेर पहिल्या गटातले ९.९ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले १८ टक्के. जवळजवळ दुप्पट, तराफा चांगला होता यात वाद नाही. पण दुसऱ्या गटातल्या या यशस्वी लोकांपैकी ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते, तर पहिल्या गटातल्या यशस्वी लोकांत पॅच-गम चालू ठेवणारे होते फक्त ९ टक्के. मला वाटतं, निगेचा यात हात असावा. पॅच चिकटवायचा आणि विसरायचा. त्यात जपण्यासारखं काही नाही, म्हणून सोडवत नाही असंही काही नाही. टाकीभोवती मात्र हळूहळू एक ज्ञान जमतं, कुठल्या ओहमची कॉइल, कुठला कापूस, कुठली चव. ज्यात आपण कष्ट घातले ते सोडणं जड जातं.

‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथातला भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाचे भाग एकेक करून दाखवतो आणि यांतला रथ कुठला, असं विचारतो. तसंच वर्षभर जपलेल्या टाकीचं करून पाहा. कॉइल कितीदा बदलली, कापूस तिच्याबरोबर गेला, काच फुटली म्हणून नवी आणली, ओ-रिंगा नव्या, द्रव तर दर दोन दिवसांनी नवा. सुटा भाग एकही जुना उरलेला नसतो आणि तरी तो माणूस ‘माझी तीच’ म्हणतो, कारण तिच्यामागची तहान अखंड चालत आलेली असते.

हे सगळं फार कठोर आहे, असा शेवटचा आक्षेप येईल. पंचवीस वर्षं रोज वीस सिगारेटी ओढलेल्या माणसाने टाकी आयुष्यभर जपली तर बिघडलं काय? औषधासारखी समजा. मला यात तक्रार नाही. मधुमेही माणूस इन्शुलिनचा पेन जपतो, त्याला कुणी तो खाली ठेव म्हणत नाही. पण इन्शुलिन शरीराला लागतं म्हणून घ्यावं लागतं, आणि निकोटिन शरीराला लागू लागलं ते घेतल्यामुळे. जो परत सिगारेटकडे वळेल अशी खरी भीती आहे त्याने टाकी ठेवावी, स्वच्छ ठेवावी. फक्त त्या स्वच्छतेला साधना म्हणू नये. ज्याला ती भीती उरलेली नाही, त्याच्यासाठी बाजारात उतरती भाजणी आहे, अठरावरून बारा, सहा, तीन आणि शून्य मिलिग्रॅम.

शून्यावर पोचलेला आणि तरीही तार स्वतः वळणारा, कापूस स्वतः भरणारा माणूस मात्र माझ्या युक्तिवादाला जड जातो. अशी माणसं असतात. निकोटिन सुटलं, हातांना काम उरलं. इथे निगा कशाची चाकरी करते, तहानेची की निव्वळ कारागिरीच्या आनंदाची, हे बाहेरून सांगता येत नाही. त्याने आठवडाभर ती टाकी कपाटात ठेवून पाहावी. जमलं तर त्याच्या छंदाबद्दल माझं काही म्हणणं नाही, धातूंबद्दल आहे.