चौदा वर्षं आणि छत्तीस वर्षं

मालवण,
१५ जून २०२५

चि. मृण्मयीस,


काल फोन ठेवल्यावर तुझी आजी म्हणाली, "पोरीने सरळ प्रश्न विचारला आणि तुम्ही तिला पावसाचं सांगत बसलात." खरं आहे तिचं. "आजोबा, नेव्हीत बाईला ॲडमिरल होता येतं का?" असं तू विचारलंस आणि मी गडबडलो. हो म्हणालो असतो तर अर्धं खोटं, नाही म्हणालो असतो तर पुरतं खोटं. असलं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

आधी 'हो'चा भाग. आपल्या नौदलात पहिली बाई व्हाइस ॲडमिरल झाली २००५ साली, तुझ्या जन्माआधी. नाव पुनीता अरोरा. व्हाइस ॲडमिरल म्हणजे खांद्यावर तीन तारे, आणि त्याच्या वर फक्त नौदलप्रमुखांची पायरी. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत मी इतका मोठा अधिकारी दोनदाच जवळून पाहिला, तोही परेडला नजर समोर ठेवून, म्हणजे पाहिलाच नाही म्हणायचा.

पण अरोरा बाई जहाज चालवून तिथे पोचल्या नाहीत. त्या डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांचा पूर्ण हुद्दा 'सर्जन व्हाइस ॲडमिरल'. या 'सर्जन' शब्दातच तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. ते समजावं म्हणून आधी माझी एक गोष्ट ऐक.

तुझ्या आईचा जन्म १९७९ चा, कुलाब्याच्या 'अश्विनी'मधला, म्हणजे नौदलाच्या हॉस्पिटलातला. मी तेव्हा माझगाव गोदीत बांधलेल्या एका फ्रिगेटवर बॉयलर रूममध्ये होतो. वॉच संपला तसा तडक हॉस्पिटलात धावलो. वॉर्डाच्या दारात एक लेडी डॉक्टर उभ्या होत्या, सर्जन लेफ्टनंट कमांडर. मी टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. आमच्या नेव्हीच्या सॅल्यूटमध्ये तळहात खाली वळवलेला असतो. जुने लोक सांगायचे, दोरखंडांच्या डांबराने काळे झालेले हात वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून ही पद्धत पडली. माझे हात तसे काळे होतेच, आणि तळहात झाकला तरी नखं कुठे झाकतोस! बाईंनी सॅल्यूट घेतला आणि म्हणाल्या, "आधी साबणाने हात धुवा, मग मुलगी घ्या." मी "येस मॅडम" म्हणून नळाकडे पळालो.

जहाजावर परतून मेसमध्ये जिलेबी वाटली, सगळी हकिकत सांगितली. बाईने हुकूम सोडला आणि गड्याने तो पाळला, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. पण त्याच मेसमध्ये कुणी म्हटलं असतं, "उद्या बाया आपल्या जहाजावर येतील," तर हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली असती. मीही हसलो असतो. खोटं कशाला सांगू?

हॉस्पिटलात चालणारी बाई जहाजावर का चालत नव्हती, याचा विचार मी तेव्हा केला नाही. पेन्शनीत आल्यावर केला.

आता अरोरा बाईंकडे येतो. जन्म १९४६ चा, लाहोरचा. फाळणीत घरदार सोडून कुटुंब सहारनपूरला आलं, तेव्हा त्या तान्ह्या होत्या. १९६३ साली त्या पुण्यात आल्या, वानवडीच्या एएफएमसीत. या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएस सुरू होऊन एकच वर्ष झालं होतं, यांची दुसरी तुकडी. त्या तुकडीत त्या पहिल्या आल्या. जानेवारी १९६८ मध्ये कमिशन मिळालं. तिथून पुढे लष्कराच्या हॉस्पिटलांत बाळंतपणं, ऑपरेशनं, बदल्या. सैन्याच्या हॉस्पिटलांत दुर्बिणीतून होणाऱ्या स्त्रीरोग शस्त्रक्रिया आणि स्त्रियांच्या कर्करोगाचे उपचार यांच्या सोयी त्यांनी उभ्या केल्या, त्यासाठी सेना पदक मिळालं. मे २००२ मध्ये जम्मूजवळ कालूचकला अतिरेकी लष्करी वसाहतीत घुसले आणि त्यांनी जवानांच्या बायकामुलांवर गोळ्या झाडल्या. तिथल्या जखमींवर तातडीने केलेल्या उपचारांसाठी बाईंना विशिष्ट सेवा पदक मिळालं. लढाई घराच्या उंबऱ्यावर येते तेव्हा बाळंतपणाची डॉक्टरही आघाडीवरच असते, हे त्या दिवशी दिसलं.

सप्टेंबर २००४ मध्ये त्या लेफ्टनंट जनरल झाल्या. भूदलात हे पद मिळवणारी पहिली बाई. त्याच वेळी त्या एएफएमसीच्या प्रमुख झाल्या. ज्या कॉलेजात दुसऱ्या तुकडीत शिकल्या, त्याचीच खुर्ची. पुढच्या वर्षी त्या नौदलाच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या आणि ऑलिव्ह ग्रीन उतरवून पांढरा गणवेश चढवला. तू विचारशील, भूदलातून नौदलात अशी उडी कशी मारता येते? तिन्ही दलांचे डॉक्टर एकाच वैद्यकीय सेवेतले असतात, गरज पडेल तसे इकडून तिकडे जातात. गणवेश बदलतो, हुद्द्याचं नाव बदलतं, तारे तेवढेच राहतात.

त्यांच्यानंतरच्या आरती सरीन यांनी तर तिन्ही गणवेश घातले. त्याही एएफएमसीच्याच, कमिशन १९८५ चं. क्ष-किरण निदानात एमडी केलं, मग मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात कर्करोगावरच्या किरणोपचाराचं शिक्षण घेतलं. जिथे मी हात धुतले त्या 'अश्विनी'च्या त्या कमांडिंग ऑफिसर होत्या. एअर मार्शल म्हणून हवाई दलाची आणि व्हाइस ॲडमिरल म्हणून नौदलाची वैद्यकीय सेवा सांभाळली. १ ऑक्टोबर २०२४ ला त्या तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांच्या महासंचालक झाल्या. त्या जागेवर तोवर एकही बाई बसली नव्हती.

आता आकडे मांड. गणिताची वही लागणार नाही. जानेवारी १९६८ ते सप्टेंबर २००४ म्हणजे छत्तीस वर्षं आठ महिने. सरीन बाईंची जवळजवळ एकोणचाळीस. फौजेत हुद्दा गुणांवर मिळतो हे खरं, पण गुण दाखवायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं आधी कुणीतरी द्यावी लागतात. बाई डॉक्टरांना ती मिळाली, कारण आर्मी मेडिकल कोअरने १९५८ सालीच त्यांना पुरुषांसारखं कायमचं कमिशन दिलं होतं. अरोरा बाई हुशार होत्याच. पण एएफएमसीच्या दारात त्या उभ्या राहिल्या, त्याच्या पाच वर्षं आधीच त्यांची छत्तीस वर्षं कागदावर सुरक्षित झाली होती.

जहाजाच्या बाजूची गोष्ट वेगळी. नौदलाचा कायदा १९५७ चा. सरकार अधिसूचना काढून ज्या शाखा ठरवेल त्या सोडून बाईला घ्यायचं नाही, असं त्याच्या नवव्या कलमात लिहिलेलं. १९९१ साली अधिसूचना निघाली आणि १९९२ पासून शिक्षण, लॉजिस्टिक्स, कायदा या शाखांत मुली अधिकारी म्हणून आल्या. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. पण कमिशन होतं शॉर्ट सर्व्हिसचं. मुदत वाढत वाढत चौदा वर्षांपर्यंत गेली आणि तिथे थांबली. २००८ साली कायम कमिशन देऊ केलं, तेही मोजक्या शाखांत आणि पुढे येणाऱ्या तुकड्यांना.

या चौदाचा हिशोब मला फार उशिरा लागला. मी नाविक. पंधरा वर्षं भरली आणि पेन्शन लागली, त्यावरच या घराची कौलं चढली. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षं लागतात. म्हणजे जिला मी आयुष्यभर सॅल्यूट केला असता ती अधिकारी बाई चौदा वर्षांनी पेन्शनशिवाय घरी, आणि तिला सॅल्यूट करणारा गडी पेन्शन घेऊन मालवणात माडाखाली बसलेला. छत्तीसचं गणित चौदात बसत नाही. तिच्यात ॲडमिरल होण्याची धमक आहे की नाही, हे पाहायची वेळच कुणावर येऊ दिली नव्हती.

त्यातल्या काहीजणी कोर्टात गेल्या. ॲनी नागराजा आणि सहकारी असा तो खटला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, सरकार वर गेलं, आणि १७ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी सांगितलं की नौदलातल्या या बायकांना कायम कमिशन नाकारता येणार नाही. रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी स्वच्छतागृहं नाहीत, असाही मुद्दा सरकारने मांडला होता. तो न्यायालयाने मानला नाही. सेवेतून बाहेर गेलेल्या काहीजणींना पेन्शनचा हक्क मिळाला. ते वाचताना मला आमचा मेस आठवला. "झोपणार कुठे, न्हाणार कुठे?" हेच आम्ही जिलेबी खाताना म्हणालो असतो. आमच्या फ्रिगेटवर पुरुषांनाही न्हायला पाणी मोजून मिळायचं, तेव्हा मात्र जहाज चालवता येत नाही असं कुणी म्हणालं नाही.

जहाजाच्या वाटेने बाई वर चढू शकते का, याचं उत्तर अमेरिकेने आधी शोधलं. तिथे नौदलाच्या अकादमीत मुली १९७६ मध्ये आल्या. मिशेल हॉवर्ड ही कृष्णवर्णीय मुलगी दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये गेली. १९९९ साली 'रशमोर' जहाजाची कमांड, २००९ साली सोमालियाच्या किनाऱ्यालगत चाच्यांविरुद्धची मोहीम, आणि १ जुलै २०१४ ला चार तारे. त्या नौदलात चार तारे मिळवणारी ती पहिली बाई. तिने चार ताऱ्यांच्या खांदेपट्ट्या मागवल्या, तर बायकांच्या मापाच्या तशा पट्ट्या कुणी बनवल्याच नव्हत्या. मुद्दाम करून घ्याव्या लागल्या. कमिशनपासून तिथवर बत्तीस वर्षं. दार उघडल्यावर वाट संपायला तेवढा वेळ लागतोच.

खांदेपट्ट्यांवरून आठवलं. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन आपल्या मालवणात झाला. तू परीक्षेमुळे आली नव्हतीस. सिंधुदुर्गाच्या समोर जहाजं उभी होती आणि मी जुना बेरे घालून किनाऱ्यावर. ॲडमिरलांच्या खांद्यावर आता महाराजांच्या राजमुद्रेचा अष्टकोन आहे, तो बदल त्या महिन्यात झाला. गावाने त्याचंच कौतुक केलं. माझं लक्ष दुसऱ्या एका बातमीकडे होतं. त्याच सुमारास नौदलाने पहिल्यांदा एका युद्धनौकेची कमांड बाईकडे दिली. जहाज 'आयएनएस त्रिंकत', अधिकारी लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी, आपली मुंबईची मुलगी. तिच्या हाताखालच्या गड्यांत कुणीतरी बॉयलर रूमवाल्या पोराचा नातूही असेल. आणि तो सॅल्यूट करताना हसत नसेल, एवढी मला खात्री आहे.

खडकवासल्याचं तुला माहीतच आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, दार मुलींना उघडलं, आणि गेल्या महिन्यात ३० तारखेला पहिल्या सतराजणी पासिंग आउट परेड करून बाहेर पडल्या. टीव्हीवर तुझ्या आजीने ती परेड उभी राहून पाहिली.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. डॉक्टर होऊन ॲडमिरल होता येतं, ते झालेलं आहे. ती वाट मळलेली आहे, पण एएफएमसीत मुलींच्या जागा मोजक्याच असतात, हे विसरू नको. जहाजावरून ॲडमिरल झालेली बाई आपल्याकडे अजून नाही. त्याचं कारण बायकांत काही उणं आहे असं नव्हे. ती वर्षं मोजायला आत्ता कुठे सुरुवात झाली. तू पुढच्या वर्षी गेलीस तर तीन वर्षं खडकवासला, एक वर्ष एझिमलाच्या नौदल अकादमीत, २०३० ला कमिशन. त्यात छत्तीस मिळव.

एक सांगणं, आणि ते नेव्हीपुरतं नाही. कुठल्याही नोकरीची जाहिरात पाहशील तेव्हा फोटोतल्या मुलीचं हसू पाहू नको. खाली बारीक अक्षरांत अट असते ती वाच. आत घेतात का, हे सगळेच विचारतात. किती वर्षं राहू देतात, हे तू विचार. ज्यांनी हा प्रश्न कोर्टात जाऊन विचारला, त्यांच्यामुळे तुझ्या फॉर्मवरचं उत्तर आज वेगळं आहे. त्यातल्या बऱ्याचजणींना त्याचा फायदा मिळेपर्यंत त्यांची वर्षं निघून गेली होती.

बाकी इकडे ठीक. पाऊस लागलाय, होड्या वर ओढून ठेवल्यात. आजीने कोकमं वाळवलीत, येणाऱ्याबरोबर पाठवतो.

आणि एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण आहेत. अकरावीतले तुझे गणिताचे मार्क तुझ्या आईने मला सांगितले आहेत.

तुझा,
आजोबा