विळा थांबतो तिथे

मनन म्हटलं की आपण डोळे मिटतो. आज ते उघडेच ठेवा. बघायचं आहे ते पायाशी आहे, फार तर गुडघ्याएवढं.

श्रावणातली सकाळ धरा. शिराळ्याहून पश्चिमेला निघालात, चांदोलीच्या वाटेवर, वारणेच्या खोऱ्यात कुठंतरी उतरलात. सांगली जिल्हा म्हटलं की लोकांना द्राक्षं, हळद आणि ऊस आठवतो. हा तालुका मात्र भाताचा. पावसाआधी कोरड्या मातीत केलेली धूळवाफ पेरणी आता गुडघ्याला लागली आहे. दोन खाचरांच्या मध्ये दोन हात रुंदीचा बांध. बांधावर एक आजी म्हशीसाठी वैरण कापते आहे, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. तिच्या शेजारी उकिडवी बसलेली कॉलेजची एक मुलगी; हातात पुठ्ठ्याचं पॅड, पॅडला लावलेली झेरॉक्स भुरभुरीनं ओली होते आहे. मुलीला नाव देऊ नका. तुमच्या ओळखीतली अशी एखादी असेलच, तिचाच चेहरा लावा.

जरा थांबा. मघापासून काय काय दिसलं ते आठवा. आजी दिसली, मुलगी दिसली, खोळ दिसली, म्हैस तिथं नसूनही दिसली असेल. बांधावर काय उगवलं होतं? हिरवं काहीतरी. एवढंच ना? मीही एवढंच लिहिलं होतं. जेम्स वॉंडरसी आणि एलिझाबेथ शुस्लर या अमेरिकन अभ्यासकांनी १९९९ साली या न दिसण्यावर लेख लिहिला. त्यांनी त्याला झाडांबाबतचं आंधळेपण म्हटलं: समोर हिरवळ असते, पण आपली नजर तिला पडद्यासारखी मागं टाकते आणि पुढं हलणारं काही शोधते. तेव्हा आता पडद्याकडे बघायचं.

पण आधी त्या मुलीच्या हातातल्या कागदाविषयी सांगायला हवं. तो कुणी मागितलेला नाही, त्याला मार्क नाहीत. मार्कांचा प्रकल्प तिनं आपल्या सगळ्यांसारखाच उरकला आहे. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत शिकवला जावा असं सांगितलं, आणि पुढं तो सक्तीचा झाला. त्यातून काय झालं ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघावं. वही तयार मिळते. मुखपृष्ठावर दोन तळहातांत धरलेली पृथ्वी, आत प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष. निष्कर्ष आधीच छापलेला असल्यामुळे कुठं जाऊन काही बघायचा प्रश्न येत नाही. ती वही एकदा जमा करून झाल्यावर या मुलीला स्वतःचं काही विचारावंसं वाटलं. प्रश्न साधा होता: आपल्या लोकांना झाडापेडांविषयी, रानाविषयी नेमकं वाटतं काय?

तिनं शोधाशोध केली. निसर्गाविषयीची वृत्ती मोजायची एक प्रसिद्ध प्रश्नावली सापडली. रायली डनलॅप आणि केंट व्हॅन लिअर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी ती १९७८ साली केली. २००० साली ती सुधारून पंधरा विधानांची झाली. माणूस पृथ्वीवर सत्ता गाजवायला जन्मला आहे का, झाडा-प्राण्यांना जगायचा आपल्याइतकाच हक्क आहे का, अशा धर्तीची विधानं. पुढं पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशी घरं. मुलीनं त्याचं मराठी केलं, वीस-पंचवीस प्रती काढल्या आणि गल्लीपासून सुरुवात केली.

सगळे पूर्ण सहमत.

हक्काच्या विधानावर तर एकही खूण इकडची तिकडं नाही. गल्लीतल्या तात्यांनी पूर्ण सहमतवर खूण केली, पेन परत दिलं आणि पाठीला पंप अडकवून बांधावर तणनाशक मारायला गेले. मी याला ढोंग म्हणणार नाही. तात्या मनापासून सहमत होते. कागदावरचा प्रश्न आभाळाएवढा होता आणि बांध दोन हातांचा. आभाळाच्या प्रश्नाला कुणीही आभाळाएवढंच उत्तर देतं. मुलगी हिरमुसली. चार-दोन दिवस पॅड कोनाड्यात पडलं. मग ती आजीबरोबर बांधावर गेली आणि विचारायचं सोडून नुसती बघत बसली.

आपणही तिथंच बसलो आहोत. आता तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा. डाव्या मुठीत गवत, उजव्या हातात विळा. खर्र, खर्र. मूठभर गवत मागं. पुन्हा खर्र. या आवाजाला एक लय आहे, ती कानात बसू द्या. बसली? आता ती मोडेल तिकडं लक्ष ठेवा.

मोडली. विळा एका रोपट्याला वळसा घालून पुढं गेला. आघाडा. उद्या शुक्रवार, जिवतीला आघाडा आणि दूर्वांची माळ लागते. आजीला त्याचं काही विशेष वाटलेलं नाही, तिनं वर बघितलंही नाही. हात आपोआप वळला.

पुन्हा लय. पुन्हा मोडली. कर्टुल्याचा वेल, खाली दोन काटेरी फळं लोंबताहेत. इथं देव नाही, पोट आहे. पुढं कुर्डू आला, आणि तो मात्र सपकन गेला. मुलगी म्हणाली, "आजी, आषाढात तर तू ह्याचीच भाजी केलीस."

"तवा कवळा हुता. आता फुलाय लागला, आता त्यो तणच."

ही ओळ मुलीनं लिहून घेतली. त्याच झाडाची जात दीड महिन्यात बदलली. कुठल्या घरात खूण करणार?

बांध जिथं रस्त्याला मिळतो तिथं मुरमावर रुईचं झुडूप आहे. जाड, राखी झाक असलेली पानं, पिठूळ स्पर्श. विळा तिथं पुरता थांबतो. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. "त्येला कशाला कापायचं? शनवारी माळ लागती की." पण तुम्ही जरा वाका. खालच्या पानाची मागची बाजू बघा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, मध्ये पिवळे ठिपके असलेली एक अळी आहे. अंगावर काळ्या, लवचीक शिंगांच्या तीन जोड्या. ती पान कुरतडताना घाई करत नाही. आधी शिरेला चावा घेते. चीक भळभळतो, ओघळतो. मग ती पुढं सरकते आणि जिथं आता चीक पोचत नाही तो भाग सावकाश खाते. जो चीक तुमच्या-आमच्या डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागेल, त्याच झाडावर तिचं सगळं बालपण जातं. झाडातला कडवटपणा अंगात साठला की पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत. काही दिवसांनी इथून केशरी पंखांचं, काळ्या काठाचं फुलपाखरू उडेल. मारुतीच्या माळेमुळे ते वाचलं हे त्याला ठाऊक नाही, आजीलाही नाही.

इथं थोडा वेळ नुसते बसा. वाचू नका.

आपल्या हातून शेवटचं काय उपटलं गेलं? कुंडीतलं असेल, फरशीच्या फटीतलं असेल. त्याचं नाव काय होतं?

शिराळ्याची ख्याती नागपंचमीची. गोरक्षनाथ भिक्षेला आले, घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती म्हणून तिला उशीर झाला, आणि नाथांनी तो मातीचा नाग जिवंत केला, अशी कथा सांगतात. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि पुढं उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे इथल्या जिवंत नागांच्या पूजेवर बंधनं आली, आणि त्यावर तालुक्यात दोन्ही बाजूंनी तावातावानं बोलणारे भेटतात. त्या वादात मला आज शिरायचं नाही. मला त्या दिवसाची दुसरी रीत जास्त मोलाची वाटते, जी महाराष्ट्रभर पाळतात आणि जिच्यावर कुणी बातमी करत नाही: नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, जमीन खणायची नाही, नांगरायची नाही. पूर्ण दिवस विळा खुंटीला. एरवी एका रोपापुढं क्षणभर थांबणारा हात त्या दिवशी अख्ख्या रानापुढं थांबतो. आणि साऱ्या गावाचा हात पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी थांबत राहिला की तिथं देवराई उभी राहते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडले, तिथली झाडं नोंदली, ती अशाच थांबलेल्या हातांची नोंद होती.

मुलीनं आता कागद उलटा केला आहे. पाठीमागं तिनं तीन रकाने आखलेत. झाडाचं नाव. विळा थांबला की नाही. आणि तिसरा: देशी का परदेशी.

तिसऱ्या रकान्यात ती अडकली. अडकायलाच हवं होतं. गिरिपुष्प म्हणजे उंदीरमारी, मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. पण त्याचा पाला खाचरात कुजवला की भाताला नत्र मिळतं, म्हणून बांधावर मुद्दाम लावलेलं. गाजरगवताचा प्रश्न सोपा वाटला: तेही अमेरिकेतलं, पुण्यात १९५६ साली नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं, ना गुराला ना माणसाला. पण सीताफळ? सीतेचं नाव मिरवणारं हे फळ अमेरिकेहून आलं. मिरची आणि भुईमूगही तिकडचेच. खरी गंमत पुढंच आहे. ज्या थोरल्या बुंध्याच्या बाओबाबला मराठीत आपण गोरखचिंच म्हणतो, तो झाला आफ्रिकेचा, आणि नाव मिळालं गोरखनाथांचं. खुद्द साधी चिंचही फार पूर्वी आफ्रिकेतूनच आलेली मानतात. आता हिला शिराळ्यात परदेशी म्हणून बघा, कोण ऐकून घेईल.

मुलीनं तो रकाना खोडला आणि वर लिहिलं: ह्याच्याकडे कोण येतं? मला हा प्रश्न जन्मदाखल्यापेक्षा बरा वाटतो. रुईकडे अळी येते आणि शनिवारी बायका येतात. उंबर फोडलं की आतून चिलटं उडतात. त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून त्यांना अंडी घालायला जागा नाही. पळसाच्या फुलांवर शिमग्याच्या सुमाराला मैना, बुलबुल भांडतात. गाजरगवतापुढं तिनं बराच वेळ पेन धरून ठेवलं, मग एक आडवी रेघ मारली. एका सकाळची ती रेघ. शास्त्र म्हणून ती कुठं मांडायची नाही. पण देशी झाड म्हणजे ज्याचे इथले येणारे-जाणारे जुने आहेत ते झाड, एवढं तिला त्या सकाळी कळलं.

हा रस्ता वर जिथं जंगलाला भिडतो तिथं फाटक आहे आणि पाटी आहे. चांदोली २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात. फाटकाच्या आत काय वाचवायचं ते ठरलेलं आहे. राज्यात १ जुलै २०१६ ला दोन कोटी झाडं लावायचा संकल्प झाला, २०१९ साली तो आकडा तेहतीस कोटींवर गेला. कोटींच्या हिशोबात खड्डा मोजतात. न कापलेला आघाडा कुठल्याच तक्त्यात बसत नाही, कारण तो कुणी लावलेला नसतो.

आणि पंप. तात्यांचा पंप पुढच्या बांधावर चालू आहे, त्याचा आवाज मघापासून येतोय. तुम्ही ऐकला नसाल. त्या आवाजाला लय आहे, पण ती कुठंच मोडत नाही. रुई, कर्टुलं, आघाडा, गाजरगवत, सगळ्यांवर सारखा फवारा. तात्यांना दोष देऊन काय करू? पोरं कामाला शहरात, मजुरी परवडत नाही, गुडघे वाकत नाहीत. विळा धरायला वाकावं लागतं आणि वाकलं की काय कापतोय ते दिसतं. पंप उभ्यानं चालतो. मुलीनं चौथा रकाना आखायला घेतला आणि सोडून दिला. पंपासाठी लिहायला काही नव्हतं.

आता शेवटचं. बांधाच्या टोकाला, दगडाच्या आडोशाला एक रोपटं आहे. वीतभर, समोरासमोर पानं, देठाला जांभळी झाक. आजीचा विळा तिथं घुटमळतो. तिला नाव येत नाही. मुलीलाही येत नाही. मोबाईलनं तीन नावं सुचवली, तिन्ही वेगवेगळ्या कुळातली. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे ग्रंथ लिहिले. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याचं यादव आणि सरदेसाई यांचं पुस्तक २००२ सालचं. दोन्हींत झाड ओळखायचं तर पाकळ्या, पुंकेसर मोजावे लागतात. नुसत्या पानावर फारसं भागत नाही.

"आजी, राहू दे ना हे. फूल आलं की नाव सापडेल."

आजी विळा मागं घेते. थोडा वेळ त्या रोपाकडे बघते, मग पंपाच्या आवाजाकडे. खोळीच्या खालून पदराचा काठ ओढून त्याची एक चिंधी फाडते आणि मुलीपुढं धरते.

"हे बांद त्येला. तांबडं हाय, तात्याला लांबनं दिसंल."