कुंकवाचा सातबारा

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरात हिरड्यावर घराचा रोकडा चालतो. बाई हिरडा वेचते, अंगणात वाळवते, विकायला वाहून नेते. सातबाऱ्यावर नाव बाप्याचं. लग्न न लावता दोघांनी वीस वर्षं एका चुलीवर काढली आणि बाप्या मेला, की भाऊबंद विचारतात, ही कोण?

दोस्तांनो, मी सूतगिरणीतला माणूस. चात्यांवर किती सूत निघालं ते पाळीगणिक मोजतात. चुलीपुढची पाळी कुणी मोजत नाही.

कायदा तर आधी विधी विचारतो. 1965 सालचा भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला बघा. बायको जिवंत असताना गड्यानं दुसरीशी गांधर्व लग्न लावलं. विधी पुरे नाहीत, म्हणून ते लग्नच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. गडी सुटला. दुसरी मात्र बायकोच उरली नाही.

2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं लग्नासारख्या नात्यातल्या बाईला छप्पर दिलं, मालकी नाही. 2010 मध्ये कोर्टानं त्यालाही अट घातली, दोघं लग्नाला मोकळे हवेत. 2023 च्या निकालानं रद्दबातल लग्नातल्या पोरांना आईबापाच्या हिश्श्यात वाटा दिला; आई रिकामीच. आदिवासींना तर 1956 चा हिंदू वारसा कायदा लागूच नाही. तिथं रूढी, आणि रूढी सांगणार कोण, तर भाऊबंदच! वनहक्काचा पट्टा दोघांच्या नावे होतो, पण विवाहित असाल तर.

मग लग्न नोंदवून मोकळे व्हा, असं आपली पोरं म्हणतात. नोंदवा की. पण पहिली गावाकडं असेल तर? तिचं काढून हिला देणं हा न्याय नव्हे, तीही राबलीय. माझ्या मते आपण भांडणच चुकीच्या जागी मांडलंय. वारसा म्हंजे मेलेल्याच्या मालातला वाटा. बापजाद्याची जमीन सोडा. पण दोघांनी खोदलेली विहीर, बांधलेली खोली, घेतलेली म्हैस, यातलं अर्धं मेलेल्याचं नव्हतंच. ते आधी तिला द्या. उरलेल्याची वाटणी मग वारसांनी करावी.

हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं. आणि आपलाच कार्यकर्ता अशा बाईला ‘ठेवलेली’ म्हणतो, तेव्हा तो कुणाची भाषा बोलतो?

खोलीच्या खरेदीखतावर दोन नावं घालायला लग्नाचा दाखला लागत नाही. आपल्यातल्या किती जणांनी घातलीत?