जपून ठेवणे आणि जपून वापरणे



१९७९ साली सोनी कंपनीने वॉकमन काढला आणि गाणी खिशात घालून फिरण्याची सवय जगाला लागली. आखातात नोकरीला गेलेल्यांनी तो आपल्या गावांतही आणला आणि त्याच्यासोबत कव्हरही आले. कव्हराला तेव्हा कारण होते. आत कॅसेट फिरायची, धूळ शिरली की आवाज बिघडायचा. २००१ साली अ‍ॅपलचा आयपॉड आला. त्याच्या पोटात फिरती हार्ड डिस्क होती. जोरात आपटला तर गाण्यांसकट सगळे जाण्याची भीती. अशा वस्तूला कव्हर घालणे हा शहाणपणा होता.

२००५ सालच्या आयपॉड नॅनोमध्ये मात्र फिरणारा भागच नव्हता. म्हणजे यंत्र आतून दणकट झाले, पण ओरडा झाला तो बाहेरच्या ओरखड्यांचा. काहींना पडद्यावरचे वाचता येईना, त्यांची तक्रार रास्तच होती. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेले आणि २००९ साली सव्वादोन कोटी डॉलरवर मिटले. दरम्यान कंपनी नॅनोबरोबर एक मऊ पिशवीही देऊ लागली होती. त्याआधी २००४ साली तिने सहा रंगांच्या विणलेल्या मोज्यांचा संच २९ डॉलरना विकायला काढला होता. यंत्राला मोजे!

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की चपलेचे उपयोग दोन. एक पायात घालणे, दुसरा तिच्या बदल्यात काही घेणे. पहिला उपयोग तिचा खरा. ती घालायचीही नाही, विकायचीही नाही, फक्त नवी दिसली पाहिजे, हा तिसरा प्रकार त्याच्या यादीत नाही. आपल्याकडे त्याला शब्द आहे, 'ठेवणीतली' वस्तू.

ठेवणीला मी सरसकट नावे ठेवणार नाही. आजीने लुगडे जपले म्हणून ते नातीच्या अंगावर आले. थोरल्याने कव्हर घालून वापरलेला आयपॉड धाकट्याला मिळाला, तर त्या जपण्यात धाकट्याचा विचार होता. जपून वापरणे ते हेच. प्रश्न येतो तो वस्तूला ओरखडा पडतो तेव्हा. मुलाच्या हातून यंत्र निसटले की आपण आधी काय करतो? यंत्र उचलून, उलटसुलट करून पाहतो. मूल बाजूला उभेच असते, त्याच्याकडे आपण नंतर वळतो, आणि तेही बोलायलाच. गाणे तर अजून वाजत असते! वापरायच्या गोष्टी वेगळ्या आणि ज्यांच्यात आनंद मानायचा त्या वेगळ्या, हा भेद संत ऑगस्टीनने केला. त्यांची अदलाबदल कशी होते हे पाहायला पोथ्या चाळायची गरज नाही. घरात एखादी महागडी वस्तू आणली की पुरे.

अ‍ॅपलने २०२२ साली आयपॉड बंद केला. कव्हरात घालून कपाटात ठेवलेल्या यंत्राची बॅटरीही पडून पडून म्हातारी होते, आणि त्यावर कव्हराचा इलाज चालत नाही. तुमच्या कपाटात एखादा असेल तर बाहेर काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंगला लावू नका. लागला, वाजला, तर घरातल्या लहानग्याला देऊन टाका, कव्हरासकट.